दोन उन्हाळ्यांची बरणी

युसूफ वडगाव
९ मार्च २०२५

बबिता,

आशीर्वाद लिहून सुरुवात करत नाही. तू ते घेणार नाहीस, आणि मोठ्या जावेच्या हक्काने तुला काही द्यावं असं मी काही राखलेलंही नाही. फोन तू उचलत नाहीस ते बरंच आहे. फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढत नाही.

लिहायचं कारण सांगते. काल टाकी धुवायला गच्चीवर गेले होते. टाकीच्या मागे, कठड्याच्या कोपऱ्यात एक पालथं घमेलं दिसलं, त्यावर दगड. गवंड्याने सोडलेलं असेल असं वाटलं. दगड काढला, घमेलं उचललं. खाली तुझी बरणी.

लोणच्याची, काठाचा टवका उडालेली. तोंडाला फडकं, फडक्यावर बशी. फडक्याला हात लावला तर त्याचा भुगा झाला.

दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे ती तिथे होती. तुम्ही दोघं तेलगावला गेलात त्यालाही तेवढेच झाले. गच्चीवर मी रोज जाते. कपडे वाळत घालते. टाकीच्या मागे कधी पाहिलं नाही.

आत किडे असतील असंच धरून मी वाकले. बरणी उचलून ओतायची, एवढंच डोक्यात होतं.

आत काळं पाणी होतं. वरून काळं, आणि बरणी जरा तिरपी केली की काठाशी लाल. खाली दाण्यांचा गाळ. किडा एकही नाही. वास आला आणि मी तोंड बाजूला घेतलं. मग पुन्हा आत घातलं. गुऱ्हाळावर काहील उतरवताना येतो तो थोडा. भाकरीचा पापुद्रा करपतो तो थोडा. त्यांच्या मागे आणखी काही होतं, खारं आणि जुनं, त्याला माझ्याकडे नाव नाही.

मी गच्चीवरच बसले. ऊन डोक्यावर आलं तरी बसले होते.

ते आपल्या विहिरीजवळच्या रानातलं सोयाबीन. मळणी यंत्रातून पडताना मी पाहिलेलं. सतरा वर्षं या घरात आहे, दर दिवाळीच्या आगेमागे ते पोत्यांत भरून केजला जातं. त्यातला एक दाणा कुणी तोंडात घातलेला मला आठवत नाही. तू त्यात मीठ-पाणी घातलंस, ऊन दाखवलंस आणि निघून गेलीस. पुढचं सगळं त्याने एकट्याने केलं. कुणी बघत नसताना.

तू विचारशील, फेकलं का. नाही. दुसऱ्यांदा नाही.

बरणीनंतर घातलेली तुझी दाण्यांची परात मी उकिरड्यावर ओतली ती माझी चूक होती. एवढंच लिहायचं होतं.

मोहिनी


युसूफ वडगाव
२३ मार्च

बबिता,

उत्तराची वाट पाहत नव्हते असं लिहिलं तर ते खोटं होईल.

बरणी घरात आणली नाही, तिथेच ठेवली आहे. नवं फडकं बांधलं. चार दिवस नुसती जाऊन वास घेत होते. बोट बुडवायचा धीर होईना. ह्यांना दाखवली तर म्हणाले, दोन वर्षांचं सडकं, कुणी खाल्लं तर बीडला नेपर्यंतही टिकायचं नाही. पण टाक म्हणाले नाहीत. त्यांनी बंकट भावजींना फोन लावला.

“काय बे, तुझ्या बायकोनं बरणीत काय घातलंतं?”

भावजी म्हणाले, मला काय माहीत, आणि ती तर बोलायला तयार नाही. मग म्हणाले, “मीठ बघा म्हनतीय. तोंड वाकडं झालं तर चांगलं हाय. न्हाई झालं तर टाकून द्या.”

म्हणजे तू शेजारीच बसली होतीस.

मी बोट बुडवलं. तोंड वाकडं झालं. मग मीठ ओसरलं, आणि जीभ तशीच थांबून राहिली, मागून अजून कुणी येणार असल्यासारखी. आणि ते आलं. मला ओळखता आलं, कारण तू मला ते आधी सांगितलं होतंस.

भावजींनी केजच्या गाड्यावरून नूडल्स बांधून आणल्या होत्या, ते आठवतं का? आम्ही सगळे खात होतो. तू खाल्ल्याच नाहीस. पिशवीच्या तळाशी राहिलेलं बोटाने चाटत होतीस, डोळे मिटून. सासूबाईंना वाटलं तुला डोहाळे लागले. तू म्हणालीस, “आक्का, मिरची हाय, लसूण हाय, साखर हाय, आंबट हाय. आन् अजून एक कायतरी हाय.” तीन दिवस तू त्या एकाच्या मागे होतीस. मिरच्या भिजवून वाटल्यास, शिरका आणलास, सहा वाट्यांत सहा चटण्या केल्यास आणि मला रांगेने चाखायला बसवलंस. प्रत्येक वेळी म्हणालीस, ते एक आलं नाही. चौथ्या दिवशी दुकानातून काळ्या सॉसची बाटली आणलीस, मागची बारीक अक्षरं वाचलीस आणि ओट्याला धरून हसत सुटलीस. सोयाबीन. अंगणात आपलीच पोती रचलेली होती.

तेव्हा मीही हसले होते. ते खरं हसू होतं. नंतरचं काही खरं नव्हतं, पण ते होतं.

काल कोबी केला. गॅसचा जाळ पुरत नाही असं तू म्हणायचीस, म्हणून बाहेर चूल पेटवली. लोखंडी कढई, करडईचं तेल, धूर निघेपर्यंत. लसूण, आलं, कांद्याची पात, मग कोबी. हात थांबू दिला नाही. शेवटी चमचाभर ते काळं आणि चमचाभर काकवी. रस धरेना. मक्याचं पीठ घरात नव्हतं. आमटीला लावतो ते येसर चिमूटभर लावलं. ते उकळीला आलं आणि कोबीच्या प्रत्येक पानावर चढून बसलं, चकाकत. मी कढई उतरवली आणि तशीच हातात धरून उभी राहिले. चटका बसला तेव्हा खाली ठेवली.

सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि हात ताटात ठेवला. दुसरा हात गळ्यातल्या माळेवर.

“खरं सांग. ह्यात वशाट हाय का?”

नाही म्हटलं. सोयाबीन आहे.

“सोयाबीन ढोरं खात्यात. मला शिकवू नको. माळ घालायच्या आदी मी रस्सा खाल्लाय.”

तुळशीची शपथ घेतली तेव्हा त्यांनी दुसरा घास घेतला. ह्यांनी बातम्या लावायला रिमोट उचलला होता तो तसाच मांडीवर राहिला. सासूबाईंनी भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं आणि ताटाकडे बघत बसल्या.

आज सकाळी विचारत होत्या, ते ढोराचं अजून हाय का.

तुझ्या हाताचं आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मला घासालाच कळलंतं.

मोहिनी


युसूफ वडगाव
११ एप्रिल

बबिता,

बरणी अर्ध्यावर आली. म्हणून नवं घालावं असं ठरवलं. तुझी परात मी भरून देऊ शकत नाही, पण घालू तरी शकते, असं वाटलं. तेही जमत नाही.

फ्रिजच्या दारात, मागे, तू मोबाईलवरून मागवलेली बुरशीच्या विरजणाची पुडी होती. हिरवट, खडूच्या भुकटीसारखी. दोन किलो दाणे रात्रभर भिजवले, शिजवले, गव्हाचं पीठ भाजून लावलं, पुडीतलं चोळलं. इथवर तू करताना पाहिलं होतं. मग पसरून गच्चीवर नेलं आणि उन्हात ठेवलं.

तू आता हसली असशील. संध्याकाळपर्यंत त्याचे फुटाणे झाले.

मी विचार न करता नेलं, बबिता. माझ्या हातांना दुसरं येतच नाही. कुरडई, सांडगे, पापड, खारोड्या. ओलं दिसलं की उन्हात. ढग आले की पळायचं. आणि बुरशी दिसली की घरात कुणी गेल्यासारखं गप्प व्हायचं, कारण वर्षाचं गेलेलं असतं. लग्नाच्या आधीपासून हे हात तेवढंच करतात. आणि तू म्हणायचीस, बुरशी येऊ दे. वाट बघायची तिची.

दुसऱ्यांदा कोठीच्या खोलीत ठेवलं. तिथे नुसतंच सुकलं. पुडीत आता दोन चमचे उरले आहेत. पुन्हा मागवता येईल, ते मला कळतं. पण मला तुझ्या पुडीतलं हवं आहे.

माझ्या पहिल्या पत्रात लिहिलं की परात ओतली ती माझी चूक होती, एवढंच. एवढंच नव्हतं. तुला ते ठाऊक आहे आणि त्या दिवशी अंगणात कुरडया घालायला आलेल्या पाच जणींनाही ठाऊक आहे. त्यातल्या एकीचा हात सोऱ्यावर थांबला होता. बाकीच्या खाली बघून सोऱ्या फिरवत राहिल्या. अजूनही त्या कुणी माझ्यासमोर तुझं नाव काढत नाहीत.

पुढचं आज लिहवत नाही.

सावलीत ठेवायचं का, झाकायचं का, आणि किती दिवस, एवढं भावजींकडून कळव.

मोहिनी


युसूफ वडगाव
३० एप्रिल

बबिता,

तुझं कार्ड आलं. नमस्कार नाही, सही नाही. पोस्टमन म्हणाला, हे काय, औषध आहे का? मी पाठ केलं आहे.

सावलीत. ओलं फडकं झाकायचं, दाण्यांना टेकू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी गठ्ठे मोडायचे. हाताने. चमच्याने नाही.

मी तसं केलं. कोठीच्या खोलीत, खिडकी लावून, परातीवर दोन काठ्या आडव्या आणि त्यांवर फडकं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं उचललं तर दाण्यांवर पांढरं आलं होतं. लहान मुलाच्या कानावर लव असते तेवढं. मी श्वास बाजूला सोडला, उडेल म्हणून. दुपारी पाहिलं तर दाणे एकमेकांना धरून बसले होते, परात तिरपी केली तरी सुटत नव्हते. वास आंब्याच्या मोहराचा. बुरशीला मोहराचा वास येतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

हाताने मोडायचे असं तू लिहिलं होतंस. मी हात घातला.

ते गरम होते.

खोली थंड होती, फडकं थंड होतं, परातीची कड थंड होती. दाणे आतून गरम होते. जितका हात खोल जाई तितके जास्त. कुणी तापवलेलं नव्हतं. मी मनगटापर्यंत हात आत ठेवून बसले. ताप आलेल्या लेकराच्या पाठीखाली हात घालावा तसं लागत होतं. फरक इतकाच की हे आजारी नव्हतं. ते चाललं होतं. आपल्या घरात, कोठीच्या खोलीत, पितळी परातीत काहीतरी जिवंत चाललं होतं आणि त्याला माझी काही गरज नव्हती. मला रडू आलं नाही. मला भीती वाटली, देवळात कधी कधी वाटते तशी.

सासूबाईंना बोलावलं. त्यांनी बोटं टेकवली, झटकन काढली, आणि परत टेकवली. म्हणाल्या, “आगं, ही तर उबतीय.” मग पदर डोक्यावर घेतला.

आता पुढचं लिहिते.

त्या दिवशी मी परात उचलली तेव्हा ती गरम होती. परात खालून गरम होती, दोन्ही तळहातांना लागली. घरापासून उकिरड्यापर्यंत मी ती गरम परात घेऊन चालत गेले. खराब झालेलं थंड असतं, चिकट असतं, हे मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. काय आहे ते मला कळलं नव्हतं, पण ते जिवंत आहे हे माझ्या हातांना कळलं होतं. आणि मी ओतलं.

घाण वाटली म्हणून ओतलं असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही. दोन वर्षं स्वतःलाही.

सतरा वर्षांपैकी चौदा वर्षं या घरात माझ्या हाताचं खाल्लं गेलं. मग तू आलीस. सासूबाई विचारायला लागल्या, आज भाजी बबितानं केलीय का? नाही म्हटलं की कमी जेवायच्या. तू डोळे मिटून सांगायचीस कशात काय आहे, आणि माझ्या जिभेला आयुष्यात मीठ कमी की जास्त याच्यापलीकडे काही कळलं नाही. एवढंसंच कारण. मोठं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

उकिरड्यावरून परत आले तर तू दारात उभी होतीस. पाच जणी बघत होत्या. मी म्हणाले, “हिच्याजवळ ठेवलेलं काही टिकतच न्हाई.”

तू त्याच जानेवारीत अंबाजोगाईच्या दवाखान्यातून दुसऱ्यांदा रिकामी परत आली होतीस. त्याला तीन महिनेही झाले नव्हते. मी ते विसरून बोलले नाही. ते माहीत असल्यामुळेच बोलले.

तुला हे वाक्य पाठ असेल. तरी ते माझ्या अक्षरात एकदा असावं. म्हणजे पुढे कधी, आपण दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, मी असं बोललेच नव्हते असं मला म्हणता येणार नाही. हे पत्र ठेव. हवं तर त्या पाच जणींना दाखव.

दाणे आज मीठ-पाण्यात घातले. तुझ्या बरणीशेजारी दुसरी बरणी ठेवली आहे.

मोहिनी


युसूफ वडगाव
१९ मे

बबिता,

तू काल येऊन गेलीस आणि मी आज पत्र लिहिते आहे. ह्यांना याचं हसू येतंय. पण तू समोर होतीस तेव्हा मी बोलले किती? चहा घे, एवढंच. आणि तो तू घेतला नाहीस.

पत्राला अठरा दिवस उत्तर नव्हतं. मी मानून चालले होते की आता येणार नाही. काल सकाळी फाटकाचा आवाज आला. मला वाटलं दूधवाला. तू होतीस, एकटी, हातात रिकाम्या बाटल्यांची पिशवी. बसने उभ्याने आली असशील, साडीवरून कळत होतं. सासूबाईंच्या पाया पडलीस. त्यांनी तुझी दोन्ही मनगटं धरून ठेवली तेव्हा थांबलीस. माझ्याकडे न बघता जिना चढलीस.

मी मागे आले. बोलावलं नव्हतंस, पण येऊ नको असंही म्हणाली नाहीस.

तू तुझ्या बरणीचं फडकं काढलंस. बोट बुडवलंस. डोळे मिटलेस. कठड्याला टेकून उभी होतीस, ऊन तोंडावर. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढं मी तुला कधी पाहिलं नव्हतं. चौदा पंधरा माणसांच्या जेवणावळी आपण शेजारी बसून रांधल्या, आणि तू चाखताना कशी दिसतेस हे मी कधी बघितलंच नव्हतं. आधी कपाळ सैल होतं. मग गळा हलतो. मग तू कुणाचंतरी ऐकत असल्यासारखी मान किंचित वळवतेस. बोलणारं कुणी नसतं. आपलं रान, आपलं मीठ, दोन वर्षांचं ऊन, त्या सगळ्यातलं तुला ऐकू येत असणार. मला त्यातलं फक्त खारट लागलं होतं, आणि मागून आणखी एक.

डोळे उघडून म्हणालीस, “झालंय.”

मग आपण गाळलं. तू फडकं धरलंस, मी बरणी तिरपी केली. एक बाटली भरली. दुसरी गळ्यापर्यंत. एक तू पिशवीत ठेवलीस, दुसरी माझ्याकडे सरकवलीस. पायाने.

मग माझी बरणी उघडलीस. दंडापर्यंत हात घातलास, खालचं वर केलंस, चाखलंस. म्हणालीस मीठ कमी आहे. मी मीठ आणलं. तू मुठीने घातलंस, मोजलं नाहीस. आणि बरणीतच बघत बोललीस.

“तुमी बोललात ते जानार न्हाई, आक्का. मी लई बघितलं. जात न्हाई.”

मी हो म्हणाले.

“पत्र ठेवलंय मी.”

मी परत हो म्हणाले.

तू हात पुसलेस. बशी ठेवलीस, घमेलं पालथं घातलंस, दगड कुठे आहे विचारलंस. मी दिला. तो ठेवून म्हणालीस, “ह्याला अजून दोन उन्हाळे लागत्याल. सकाळी फडकं काढून ऊन दाखवत जावा. दुपारचं झाका. ढवळायला मी येत जाईन. तुमचा हात जड हाय.”

आणि जिना उतरलीस. अकराची बस तुला मिळाली असेल.

माफ केलंस का, हे मी विचारलं नाही. तू मला सकाळचं काम देऊन गेलीस. आज उठल्यावर पहिलं तेच केलं. दगड काढला, घमेलं बाजूला केलं, फडकं सोडलं. काल तू हात घातला होतास तिथे पाणी अजून गढूळ होतं. खालून एक बुडबुडा आला आणि वर फुटला. मग बराच वेळ काही नाही. मी गेले नाही. मग अजून एक आला.

मोहिनी